आईची डावीकडची जागा

३ फेब्रुवारी

शेपूट,

माझ्या वडिलांच्या कबरीत तुमच्या समितीने दुसरा माणूस पुरला आहे आणि ही बातमी मला पाथरवटाकडून कळली, म्हणून हे पत्र. सलाम द्यायचा की नाही, ते तुझे उत्तर वाचून ठरवीन.

झाले ते असे. आईचे आता फार दिवस राहिलेले नाहीत. वय अठ्ठ्याऐंशी, हृदय थकलेले, पायांवर सूज. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत म्हणतात. मी त्याआधीचे धरून चालले आहे. वडिलांच्या दगडावर तिच्या नावासाठी अर्धी जागा कोरी ठेवलेली आहे. तो दगड बसवताना हात लावायला तूही होतास. ऐनवेळी धावपळ नको, अक्षरे आधीच आखून ठेवावीत, म्हणून मी पाथरवटाला लिहिले. त्याचे उलट टपाली उत्तर आले: "बाई, त्या नावाचा दगड तिथे नाही. त्या जागी नवी कबर आहे. फुलेही अजून सुकलेली नाहीत."

तू दफनभूमी समितीचा चिटणीस आहेस आणि माझा सख्खा चुलतभाऊ आहेस. लहानपणी माझ्या फ्रॉकचे टोक धरून चालायचास म्हणून तुला हे नाव पडले. साठी ओलांडलीस तरी ते तुला शोभते, कारण अजूनही तू कोणाच्या ना कोणाच्या मागेच चालतोस.

तुमच्या समितीशी मी अकरा वर्षे संबंध ठेवलेला नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या एका बाळाला तुम्ही जागा नाकारलीत, त्याच्या बापाला खोके हातात धरून फाटकाबाहेर तासभर उभे केलेत, त्या दिवसापासून मला तुमची किळस आहे. ती कमी झालेली नाही. आता तिच्यात भर पडली आहे, इतकेच.

आईला यातले काही माहीत नाही. ती रोज तिच्या जागेबद्दल बोलते. वडील बॉयलरवर कामाला होते आणि त्यांचा डावा कान कामातून गेला होता, हे तू जाणतोस. आई जन्मभर त्यांच्या डावीकडे झोपली. सकाळी भोंगा झाला की ती कोपराने ढोसायची, मग ते उठायचे. परवा मला म्हणाली, "शेवटच्या दिवशी मेलेल्यांना उठवायला कर्णा वाजला तरी ह्यांना ऐकू जायचं नाही. मी बाजूला नसले तर सगळे उठून जातील आणि हे आपले घोरत पडतील. मला डावीकडेच घाला, चुकू नका." मी म्हटले, "आई, त्या दिवशी कानही नवे मिळतील." तर म्हणते, "कान मिळतील गं. सवय कुठं जाते?"

तर सांग. वडिलांची हाडे कुठे आहेत? दगड कुठे आहे? कबर उघडायची परवानगी कोणी दिली? फोन करू नकोस. फोनवर तू "हो अक्का, बघतो अक्का" म्हणतोस आणि काही बघत नाहीस. कागदावर लिही.

अक्का


१० फेब्रुवारी

ती. अक्कास,
प्रभूमध्ये सलाम.

तुझे पत्र मिळाले. काकूंच्या प्रकृतीबद्दल वाचून वाईट वाटले. मंडळीत त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवली आहे.

तू विचारलेस त्याचा खुलासा करतो. दफनभूमीत जागा संपली आहे. चार वर्षांपूर्वी मंडळीच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की पंचवीस वर्षांहून जुन्या कबरी उघडून अवशेष अस्थिगृहात ठेवावेत आणि जागा नवीन मृतांना द्यावी. तत्पूर्वी प्रत्येक कुटुंबाला लेखी नोटीस जाते. एक वर्षात उत्तर आले नाही, तर संमती धरली जाते. काकांना जाऊन एकतीस वर्षे झाली. अशा सव्वीस कबरी मागच्या वर्षी उघडल्या. सर्व अवशेष सन्मानाने ठेवलेले आहेत.

नोटिशीचे काय झाले, हे आता उगाळण्यात अर्थ नाही.

अक्का, तू शिकलेली आहेस. आपला विश्वास हाडांवर नाही. समुद्रात बुडालेले, आगीत जळालेले, ज्यांची मूठभर रक्षाही उरली नाही, असे सगळे त्या दिवशी नव्या देहाने उठतील, असे आपण मानतो. ज्याने मातीतून माणूस केला त्याला कोणती माती कुठली हे शोधायला नाव-पत्ता लागत नाही. काकूंनाही हे समजावलेस तर त्यांच्या मनाला शांती मिळेल. त्यांच्यासाठी भिंतीकडेला चांगली जागा बघून ठेवतो. सावली आहे.

आपला,
चिटणीस, दफनभूमी समिती


१४ फेब्रुवारी

चिटणीस,

आपला म्हणे. मी तुझे नाक पुसले आहे.

तुझे धर्मशास्त्र बरोबर आहे, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. बुडालेल्याला देव उठवील यात शंका नाही. पण त्याला बुडवणाऱ्याने ते सांगू नये. मेल्यावर सगळे संपते असे मानणाऱ्या माणसाने कबरी उपसल्या असत्या तर एक वेळ समजले असते. त्याच्या लेखी ते टाकाऊ सामान. आपण दर रविवारी उभे राहून हा देह पुन्हा उठेल असे मोठ्याने म्हणतो. मग जो उठणार आहे त्याला आपण कसे ठेवतो, हे पाहिल्यावर आपण ते खरे मानतो की नाही ते कळते.

नोटीस पाठवली होती हे मी मानत नाही. पाठवली असतीस तर "उगाळण्यात अर्थ नाही" असे लिहून अंग काढले नसतेस. आणि हे पत्र तू साध्या पाकिटातून, स्वतःच्या हाताने पत्ता घालून पाठवलेस. समितीच्या शिक्क्याचे पाकीट का नाही? त्यावर नाव घालायची लाज वाटली ना? वाटायलाच हवी.

काकूंना समजावून सांग म्हणतोस. तिला ते तुझ्याआधीपासून येते. देव वडिलांना शोधू शकणार नाही, अशी तिला भीती नाही. तिला त्यांच्या शेजारी असायचे आहे. एवढे तुला समजू नये?

मी विसाव्या तारखेला सकाळच्या गाडीने येते. तुमचे अस्थिगृह बघायचे आहे. किल्ली घेऊन हजर राहा.

अक्का


२५ फेब्रुवारी

शेपूट,

तू हजर नव्हतास. राखणदार बाई म्हणाली, चिटणीससाहेबांना ताप आहे. मी म्हटले, "किती?" ती म्हणाली, "ते काही बोलले नाहीत." मी पस्तीस वर्षे ऑपरेशन थिएटरची प्रमुख परिचारिका होते. ताप किती हे ज्याला सांगता येत नाही, त्याला ताप नसतो.

मी काय पाहिले ते लिहिते. विसरू नयेस म्हणून सविस्तर लिहिते.

ज्याला तू अस्थिगृह म्हणतोस ती अवजारांची खोली आहे. दाराशी कुदळी, फावडी, गवत कापायचे यंत्र, त्याच्या तेलाचा डबा. छत एका कोपऱ्यात गळते. भिंतीला हिरवा ओघळ आहे. मागच्या बाजूला एकावर एक चौदा पोती. कोंबडीखाद्याची. पोत्यावर कोंबडीचे चित्र आहे, लाल तुऱ्याचे, आणि खाली लिहिलेय: वजन लवकर वाढते. सर्वांत वरच्या पोत्याला खोलगा पडला होता आणि त्यात मांजर व्याली होती. चार पिल्ले. त्यांच्या घाणीचा वास खोलीभर होता. मी आयुष्यात सडलेल्या जखमा उघडल्या आहेत, पू उपसला आहे, नाकाला रुमाल लावलेला नाही. त्या दिवशी लावला.

राखणदार बाईला विचारले, "यात कोण कोण आहे?"

"सगळे आहेत बाई. सव्वीस."

"पोती चौदा आहेत."

"आधी सव्वीस होती, लहान. छत गळलं, खालची कुजली. मग मी मोठ्या पोत्यांत केली. टाकून नाही दिली काही."

"नावांच्या चिठ्ठ्या?"

"बाहेर बांधलेल्या होत्या, कागदाच्या. वाळवीनं खाल्ल्या." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुम्ही ओरडा मला. पण मला कोणी एक डबासुद्धा दिला नव्हता. ही पोती माझ्या घरची आहेत."

तिला मी ओरडले नाही. तिने निदान स्वतःच्या घरचे काही दिले.

थिएटरमध्ये आम्ही शरीरातून काढलेला नखाएवढा तुकडासुद्धा बरणीत घालताना दोन चिठ्ठ्या लिहायचो. एक आत, एक बाहेर. पेन्सिलीने, म्हणजे शाई ओघळत नाही. बाहेरची फाटली तर आतली असते. नवशिक्या पोरींना हे पहिल्या दिवशी शिकवायचे. तुम्ही साठ-सत्तर वर्षांचे, सभ्य, टाय लावणारे नऊ पुरुष समितीत आहात. सव्वीस माणसे बाहेर काढलीत आणि एकालाही आतली चिठ्ठी सुचली नाही.

निघताना हात धुवायला नळावर गेले. नळाखाली पाय ठेवायला एक फरशी बसवली आहे. तिच्यावर चिखल होता. बोटाने खरवडला. वडिलांचे नाव होते. त्याच्या खाली आईसाठी राखलेली कोरी अर्धी बाजू, तिथे लोक बूट घासतात.

आईने विचारले, "जाऊन आलीस? नीट आहे ना सगळं?" मी म्हटले, "हो, नीट आहे." जन्मात मी तिच्याशी खोटे बोलले नव्हते. तुमच्यामुळे तेही करून झाले. ती कडू चव अजून तोंडातून गेलेली नाही.

मी चर्चच्या पाळकांना लिहिणार आहे.

अक्का


४ मार्च

अक्का,

ताप नव्हता. तू आलीस तेव्हा मी चर्चच्या मागच्या खोलीत होतो. खिडकीतून तुला नळाशी वाकलेली पाहिले. बाहेर येणार होतो. पाय उचलला नाही.

आता मी चिटणीस म्हणून लिहीत नाही. काकांची कबर उघडली त्या दिवशी मी तिथे उभा होतो. समितीतले दुसरे कोणी आले नव्हते. इतरांना मजुरांनी काढले. काकांना मी काढले. मला सायकल त्यांनी शिकवली होती, मागून सीट धरून पळत. मी त्यांना वेगळ्या पिशवीत ठेवले, तोंड नीट बांधले, चिठ्ठीवर नाव मीच लिहिले. आतल्या चिठ्ठीचे सुचले नाही, हे तू म्हणतेस ते खरे. मग पावसाळा आला. दर महिन्याला अस्थिगृहाचा विषय बैठकीच्या यादीत घालत होतो आणि दर महिन्याला तो पुढे ढकलला जायचा. कोणी ना कोणी म्हणायचे, "देवाला काय कमी आहे? तो बघेल." ऐकून ऐकून मीही तेच म्हणू लागलो. तुला लिहिलेल्या पत्रातही तेच आले. पोतीही मी बघितलेली नव्हती, छत गळल्यापासून. बघायची हिंमत नव्हती.

दगड नळाशी गेलेला मला ठाऊक नव्हता. काढून, धुऊन माझ्या घरी आणला आहे.

पाळकांना लिहू नकोस, अशी विनंती करतो. माझ्यासाठी नाही. का ते विचारू नकोस.

चौदा पोत्यांतून काका कसे ओळखायचे, ते मात्र मला कळत नाही.

शेपूट


९ मार्च

शेपूट,

पाळकांना पत्र गेले. तुझे येण्याच्या आदल्या दिवशीच टाकले. त्यात स्पष्ट लिहिले आहे, की चिटणीसाने आमच्या कुटुंबाला नोटीस पाठवलीच नाही आणि खोटी नोंद केली. फाइल मागवून घ्यावी. "का ते विचारू नकोस" असे म्हणणाऱ्याचे मी ऐकत नसते. इतक्या वर्षांत तुला हे कळायला हवे होते.

तू काकांना स्वतः काढलेस, हे वाचले. त्याबद्दल मी नंतर बोलेन. आत्ता कामाचे.

वडिलांना ओळखता येईल. मी नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते बॉयलरच्या शिडीवरून पडले आणि उजवी मांडी मोडली. आमच्याच इस्पितळात ऑपरेशन झाले. मी शिकाऊ म्हणून आत होते. मुलगी म्हणून बाहेर बस असे सर्जनने सांगितले होते, मी ऐकले नाही. वापरलेले सामान मोजून फळ्यावर लिहिणे एवढेच माझे काम. मांडीच्या हाडावर पोलादी पट्टी बसवली. तिला आठ भोके होती. खालून तिसऱ्या भोकात स्क्रू धरेना, सर्जनने तो काढून टाकला आणि तसेच सोडले. मी फळ्यावर लिहिले: भोके आठ, स्क्रू सात. ती पट्टी पुढे कधी काढली नाही. पोलाद गंजले तरी इतके गंजणार नाही.

राखणदार बाईला सांगू नकोस. मजूर लावू नकोस. तू स्वतः बस. जाड रबरी हातमोजे घाल. दोन स्वच्छ चादरी अंथर, एकीवर पोते रिकामे कर, बघून झालेले दुसरीवर ठेव. ओतू नकोस, हाताने काढ. मांडीचे हाड शरीरातले सगळ्यांत लांब असते, चुकणार नाही. मांजर आधी हलव. पिल्लांना खोक्यात जुना कपडा घाल. त्यांचा काय दोष.

एक पोते पुरे झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. उठून जायचे नाही.

आई आज जेवली नाही. दूध घेतले.

अक्का


१६ मार्च

अक्का,

काका सापडले. नवव्या पोत्यात.

तीन दिवस लागले. तू सांगितलेस तसेच केले. पहिल्या पोत्याला बाहेर जाऊन ओकलो, आणि परत येऊन बसलो. सहाव्या पोत्यानंतर तसे काही वाटेनासे झाले. एक लहान मुलाची कवटी होती, हातात मावेल एवढी. ती बराच वेळ खाली ठेवता आली नाही. संध्याकाळी घरी जाऊन साबणाने तीनदा हात धुतले, आणि मग वाटले, आपण कोणाला धुतोय? ही माणसे मला नावाने हाक मारायची.

पट्टी काळी पडली आहे. भोके आठ. स्क्रू सात. खालून तिसरे रिकामे. मी चारदा मोजले.

मांडीचे ते एक हाड नक्की काकांचे. बाकीची त्या पोत्यात तिघांची मिसळलेली आहेत आणि ती मला वेगळी करता येत नाहीत. तुलाही येणार नाहीत, असे वाटते.

आता दुसरे. पाळकांनी फाइल मागितली. फाइल गेली की समितीतले सगळे ती बघणार, आणि तुझ्या नावाची चर्चा जेवणाच्या टेबलावर होणार. म्हणून त्यातला एक कागद काढून मी तुला पाठवतो आहे. तो फाइलला परत लावायचा की नाही, ते तू ठरव. पाळक मला खोटारडा समजले तरी चालेल. मी अगदीच खरा नाही.

सोबत पाकीट आहे. समितीच्या शिक्क्याचे. तीन वर्षांपूर्वी तुझ्या पत्त्यावर गेले आणि परत आले. त्यावर "घेण्यास नकार" लिहिले आहे, आणि खाली सही. अक्षर कोणाचे ते मी सांगायला नको.

त्या बाळाच्या प्रकरणानंतर समितीचे प्रत्येक पाकीट तू असेच परत करत होतीस. मला ते माहीत होते. तरी मी ते टपालात टाकले. साध्या पाकिटात घालता आले असते. तुझ्या दारात येता आले असते. तू दार लावशील, या भीतीने आलो नाही. पाकीट परत आले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले, अक्का. नियम पाळला गेला होता आणि तुला तोंड द्यावे लागले नव्हते. हे कोणापाशी बोललो नव्हतो.

शेपूट


२२ मार्च

शेपूट,

अक्षर माझे आहे.

मला ते पाकीट आठवतही नाही. दारात उभी राहून पोस्टमनच्याच पेनने लिहिले असेल आणि चुलीवरचे दूध बघायला आत गेले असेन. तेव्हा बरे वाटले असणार. आपण किती ताठ, असे. पोत्यांच्या खोलीत मला जी किळस आली होती, ती आता माझ्याच उजव्या हाताची येते.

पाकीट उघडले. छापील नोटीस आहे. तिच्या खाली पेन्सिलीने तू लिहिले आहेस: अक्का, फोन कर. काकांना मला एकट्याला उचलवणार नाही. हे तू पत्रात का सांगितले नाहीस, ते विचारत नाही.

मी आईला सगळे सांगितले. पोती, मांजर, नळ, पाकीट. काही गाळले नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटले झोपली. मग म्हणाली, "परक्याच्या बाळाला जागा दिली नाही म्हणून तू बापाची घालवलीस."

मी म्हटले, "हो."

"आणि तो मागच्या खोलीत लपून बसला."

"हो."

"लहानपणी बरणी फुटली तेव्हाही असंच. तू भांडत होतीस आणि तो पलंगाखाली." मग तिने पाणी मागितले. प्याली. "त्यांच्या जागेवर कोण आहे आता?"

"कोणीतरी शिक्षक. आपल्या ओळखीचे नाहीत."

"राहू दे त्याला. कर्णा वाजायच्या आधी कशाला उठवता बिचाऱ्याला. आणि पोत्यांतले?"

मी सांगितले, वडिलांचे एक हाड नक्की आहे, बाकीची सगळ्यांत मिसळलेली आहेत. ते एक हाड तिच्याजवळ ठेवता येईल. ती मानेने नाही म्हणाली. चिडलीच. "एक मांडी माझ्यापाशी आणि उरलेला माणूस पोत्यात? तसला संसार मी केला नाही. सगळ्यांनाच घाला माझ्याजवळ. एक मोठी कबर खणा. सव्वीसच्या सव्वीस. मला कडेला ठेवा, त्यांच्या डावीकडे. त्यांच्यात हे आहेतच कुठंतरी."

"आई, त्यात परके लोक आहेत."

"असू देत. त्यांच्यातही बहिरे असतील कोणी. मी ढोसत ढोसत जाईन." थोड्या वेळाने म्हणाली, "माझे हात छातीवर बांधू नका. कोपर मोकळं ठेवा. बांधलेल्या हातांनी मी काय करणार आहे?"

मला हसू आले आणि नंतर बराच वेळ मी स्वयंपाकघरात उभी होते.

पाळकांना मी दुसरे पत्र लिहिले आहे. नोटीस आली होती, मी ती वाचायला नकार दिला, चिटणीसाने खोटी नोंद केलेली नाही, असे. सोबत पाकीट जोडले आहे. फाइलला लावा, समितीला दाखवा, टेबलावर चर्चा करा. पोत्यांबद्दल लिहिले आहे ते मात्र एक शब्द मागे घेतलेला नाही. सव्वीस घरांना सांगायचे काम समितीचे. टपालाने नाही, दारात जाऊन. तू सगळ्यांच्या पुढे चालायचे.

मोठ्या कबरीची परवानगी काढ. आणि दगड तुझ्या घरी आहे तिथेच ठेव, पाथरवटाला मी तिकडे पाठवते.

सलाम.

अक्का


२ एप्रिल

अक्का,

परवानगी मिळाली. पाळकांनी बैठकीत तुझी दोन्ही पत्रे वाचून दाखवली. मग खजिनदार म्हणाले, "पण देवाला तर..." आणि पाळक म्हणाले, "बसा खाली." मी त्यांना असे बोलताना पहिल्यांदा ऐकले.

सव्वीसपैकी एकोणीस घरी जाऊन आलो. दोघांनी दार लावले. एका बाईने मला बसवून चहा दिला आणि मी सांगून होईपर्यंत तिचा स्वतःचा कप तसाच राहिला. ती लहान कवटी तिच्या भावाची. त्याला तिने कधी पाहिलेले नव्हते. तिच्या जन्माआधीच तो गेला. पुरण्याच्या दिवशी येते म्हणाली.

चादरी, पोती सगळे बाजूला केले. लाकडी पेटी करून घेतली आहे. हाडे कोरड्या फडक्याने पुसून भरतो आहे. राखणदार बाई मदतीला असते. नको म्हटले तरी येते.

काकू कशा आहेत?

शेपूट


५ एप्रिल

शेपूट,

आई आज पहाटे गेली. झोपेत. मी तिच्या शेजारीच झोपले होते, पण तिने मला कोपराने ढोसले नाही.

परवा घेऊन येते. फाटकाशी उभा राहा.

अक्का


७ एप्रिल
दफनभूमी, दुपारी चार

देवघेवीची नोंद

समितीतर्फे चिटणीसाने मयताच्या मुलीकडे दिले:

मांडीचे हाड, उजवे, एक. पोलादी पट्टीसह. भोके आठ, स्क्रू सात.

कबरीचा दगड, एक. धुतलेला. कोऱ्या बाजूवर आता आईचे नाव. वरच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, तो नळाचा, तसाच ठेवला.

लाकडी पेटी, एक. आत कवट्या सव्वीस. वहीतल्या कबरी सव्वीस. दोघांनी वेगवेगळे मोजून पडताळले. मेळ बसला. इतर हाडे मोजलेली नाहीत.

पोती चौदा, रिकामी. राखणदार बाईने मागून घेतली आणि जाळली.

मुलीने चिटणीसाकडे दिले:

जस्ताचे पत्रे, दोन. प्रत्येकावर सव्वीस नावे ठोकलेली. एक पेटीच्या आत, एक बाहेर.

पट्टीचे हाड, वर लिहिलेले. पेटीत परत, इतरांसोबत, आईच्या सांगण्यावरून.

आई, एक. पेटीच्या डाव्या बाजूला ठेवली. हात बांधलेले नाहीत. उजवे कोपर मोकळे.

देणार: अक्का
घेणार: शेपूट